ऑल व्हील ड्राइव्ह

ऑल व्हील ड्राइव्ह : मोटारगाडीच्या इंजिनाचा किंवा विजेच्या मोटरचा जोर दोनच चाकांना न देता सर्व चाकांपर्यंत पोहोचवणारी योजना. मराठीत तिला सर्वचाकी चालना म्हणता येईल. बोलण्यात मात्र ‘फोर बाय फोर’ हाच शब्द रुळला आहे. त्यातील पहिला आकडा एकूण चाकांचा आणि दुसरा जोर मिळणाऱ्या चाकांचा असतो. काटेकोरपणे पाहता, चालकाने गरजेपुरती जोडायची जुनी पद्धत म्हणजे फोर व्हील ड्राइव्ह आणि गाडी स्वतःच सतत किंवा प्रसंगानुसार जोर वाटते ती ऑल व्हील ड्राइव्ह, असा भेद केला जातो. कंपन्या हा भेद नेहमी पाळत नाहीत. त्यामुळे आपल्या गाडीत नेमकी कोणती यंत्रणा आहे हे नावावरून न ठरवता गाडीच्या पुस्तिकेवरून समजून घ्यावे लागते.

चाक रस्त्याला मागे रेटते आणि त्याच्या प्रतिक्रियेने गाडी पुढे जाते. हे रेटणे टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणावर अवलंबून असते, आणि प्रत्येक टायरचा जेमतेम तळहाताएवढा भाग कोणत्याही क्षणी रस्त्याला टेकलेला असतो. गाडीचे वजन चारही चाकांवर सारखे विभागले आहे असे मानले, तर दोनच चाकांना जोर देणारी गाडी उपलब्ध घर्षणापैकी निम्मेच वापरते. घर्षणांक, म्हणजे पकडीचे माप, ०.२ असलेल्या दबलेल्या बर्फावर अशी गाडी साधारण दहास एक (दहा मीटर पुढे जाताना एक मीटर वर) या चढावरच अडकते. चारही चाके ओढत असतील तर पाचास एक या चढाच्या आसपासपर्यंत ती जाऊ शकते. या योजनेचा सारा लाभ या हिशेबात आहे, आणि तिची मर्यादाही त्यातच आहे, कारण हा हिशेब केवळ गाडी पुढे जाण्याचा आहे.

चारही चाकांना इंजिन जोडणे ऐकायला सोपे वाटते. खरी अडचण वळणावर येते. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. एकाच ॲक्सलवरील, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणाऱ्या आसावरील, दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देण्यासाठी डिफरन्शियल ही दंतचक्रांची जोडणी वापरतात. पुढच्या व मागच्या चाकांचे मार्गही सारखे नसतात, ही गोष्ट सहसा लक्षात येत नाही. अडीच मीटर अंतराने दोन ॲक्सल असलेली गाडी पाच मीटर त्रिज्येचे वळण घेत असेल आणि ही त्रिज्या मागच्या ॲक्सलची असेल, तर पुढचा ॲक्सल सुमारे ५.६ मीटर त्रिज्येवरून जातो, म्हणजे १२ टक्के जास्त अंतर कापतो. दोन्ही ॲक्सल एकमेकांना पक्के जोडलेले असतील, तर हा फरक कुठेतरी भरून निघावाच लागतो. चिखलात किंवा वाळूत टायर किंचित घसरून तो भरून काढतात. कोरड्या डांबरावर टायर घसरत नाहीत. शाफ्ट (जोर वाहून नेणारा फिरता दांडा) आणि दंतचक्रांत पीळ साठत जातो, स्टिअरिंग जड होते, गाडी अडखळते आणि कधी भाग मोडतोही.

जुन्या जीपच्या पद्धतीत या अडचणीवर यांत्रिक तोडगा नव्हता. चालकाची समज हाच तोडगा होता. ट्रान्सफर केस नावाच्या पेटीतून एक शाफ्ट मागे आणि दुसरा पुढे जातो. लिव्हर ओढला की पुढचा ॲक्सल जोडला जातो. ‘टू हाय’ (दोन चाके, नेहमीची गती), ‘फोर हाय’ (चार चाके, नेहमीची गती) आणि ‘फोर लो’ (चार चाके, कमी गती) या तीन स्थितींपैकी शेवटच्या स्थितीत गती घटते आणि जोर साधारण दोन-अडीच पटींनी वाढतो. १९४१ पासून मोठ्या संख्येने बनलेल्या विलीज जीपने ही पद्धत जगभर नेली. १९४७ पासून महिंद्रने मुंबईत या घराण्यातील जीपची जुळणी सुरू केली, आणि १९८५ मध्ये आलेल्या मारुती जिप्सीतही हीच मांडणी होती. महाराष्ट्रातील ग्रामीण भागात ‘जीप’ हे कोणत्याही दणकट गाडीचे सामान्यनाम झाले, ते या वारशामुळेच.

कल्पना मात्र जीपपेक्षा बरीच जुनी आहे. हॉलंडच्या स्पायकर कंपनीने १९०३ मध्ये सहा सिलिंडरची एक शर्यतीची मोटार बनवली. तिच्या चारही चाकांना चालना होती आणि चारही चाकांना ब्रेकही होते. या दोन वैशिष्ट्यांची पुढची वाटचाल पाहण्यासारखी आहे. चारही चाकांचे ब्रेक यथावकाश प्रत्येक मोटारीत आले, तर चारही चाकांची चालना मोजक्या गाड्यांपुरती राहिली. सुरक्षिततेविषयी पुढे जे म्हणायचे आहे त्याचे मूळ या फरकात आहे.

कोरड्या रस्त्यावरही चालना जोडलेली ठेवायची असेल, तर दोन ॲक्सलांच्या मध्ये तिसरे डिफरन्शियल लागते. १९६६ ची ब्रिटिश जेन्सन एफएफ ही रस्त्यावरच्या वापरासाठी बनलेली या जातीची पहिली उत्पादित मोटार मानली जाते. ब्रेक जाम होऊ न देणारी यांत्रिक व्यवस्थाही तिच्यात होती, पण अशा ३२० गाड्याच बनल्या. १९७० च्या रेंज रोव्हरमध्ये कायमची सर्वचाकी चालना आणि लॉक करता येणारे मधले डिफरन्शियल होते. जपानच्या सुबारूने १९७२ मध्ये लिओन गाडीत, आणि जर्मनीच्या आउडीने १९८० मध्ये क्वाट्रोत, चारचाकी चालना साध्या रस्त्यावरच्या मोटारीत आणली. क्वाट्रोच्या रॅली शर्यतींतील यशानंतर ही योजना चिखलातल्या गाड्यांपुरती राहिली नाही.

डिफरन्शियलचा एक स्वभाव मात्र इथे आड येतो. साधे डिफरन्शियल दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखाच टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देते. एक चाक बर्फावर गरगर फिरू लागले की त्याला फिरवायला फारसा जोर लागत नाही, आणि पकड असलेल्या दुसऱ्या चाकालाही तेवढाच क्षीण जोर मिळतो. तिन्ही डिफरन्शियल साधी असतील, तर एकच चाक अधांतरी झाल्याने सर्वचाकी गाडीही जागच्या जागी थांबते. हा दोष टाळण्याच्या उपायांतूनच आजच्या वेगवेगळ्या पद्धती घडल्या. डिफरन्शियल लॉक करणे हा सर्वांत थेट उपाय आहे. व्हिस्कस कपलिंगमध्ये सिलिकॉन तेलात बुडालेल्या चकत्या असतात. त्यांच्या गतीत फरक पडला की तेलाचा विरोध वाढून जोर दुसऱ्या ॲक्सलकडे जातो. टॉर्सन नावाच्या डिफरन्शियलमध्ये हेच काम मळसूत्री दंतचक्रे करतात. मात्र कमी पकड असलेल्या बाजूच्या टॉर्कच्या ठरावीक पटीतच ते दुसऱ्या बाजूला जोर देऊ शकतात, म्हणून ती बाजू पूर्ण अधांतरी असेल तर तेही हतबल होतात.

आज मध्यम आकाराच्या बहुतेक एसयूव्हींमध्ये इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा बहुचकती क्लच, म्हणजे एकमेकींवर दाबल्या की जोर पुढे नेणाऱ्या चकत्यांचा संच, असतो. सपाट रस्त्यावर अशी गाडी मुख्यतः पुढच्या चाकांवर चालते. चाकांच्या गतीचे सेन्सर, ॲक्सिलरेटर आणि स्टिअरिंगचा कोन यांवरून संगणक सेकंदाच्या अंशात क्लच दाबतो आणि मागची चाके कामाला लागतात. घसरणाऱ्या चाकाला तेवढ्यापुरता ब्रेक लावून जोर त्याच ॲक्सलवरील दुसऱ्या चाकाकडे वळवण्याचे काम ट्रॅक्शन कंट्रोल करते. ही यंत्रणा हलकी आहे आणि ओल्या घाटरस्त्यासाठी पुरेशी आहे. वाळूत पाऊण तास झगडण्यासाठी ती बनलेली नाही. सततच्या घसरणीने क्लच तापला की यंत्रणा स्वतःला वाचवण्यासाठी मागची चाके सोडून देते आणि समोर इशारा दाखवते. विजेच्या गाड्यांत दोन ॲक्सलांना दोन स्वतंत्र मोटरी दिल्या की मधला शाफ्टच नाहीसा होतो आणि जोराची वाटणी अतिशय वेगाने बदलता येते.

सुरक्षित वापराचे मूळ सूत्र असे, की ही योजना गाडीला निघायला मदत करते, थांबायला नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांवर असतात, म्हणून थांबण्याच्या अंतराच्या गणितात जोर मिळणाऱ्या चाकांची संख्या येतच नाही. ताशी ६० किमी वेगाची गाडी घर्षणांक ०.८ असलेल्या कोरड्या डांबरावर ब्रेक लागल्यापासून सुमारे १८ मीटरमध्ये थांबते, ०.४ धरल्यास ओल्या रस्त्यावर ३५ मीटर, दबलेल्या बर्फावर सुमारे ७० मीटर आणि काचेसारख्या गोठलेल्या बर्फावर १४० मीटरच्या आसपास लागतात. चालकाने ब्रेकवर पाय नेईपर्यंतचे अंतर याहून वेगळे. वळणावरही तसेच आहे, कारण गाडीला रस्त्यावर धरून ठेवणारे आडवे घर्षण टायरचे असते, आणि तोच टायर जोर लावण्यात गुंतला असेल तर वळणासाठी त्याच्याकडे उरते ते कमीच.

धोका इथून सुरू होतो. दोनच चाकांना जोर देणारी गाडी निसरड्या रस्त्यावर निघतानाच चाक फिरवते आणि चालकाला पहिल्याच क्षणी सावध करते. सर्वचाकी गाडी त्याच रस्त्यावर निमूटपणे निघते. रस्ता किती निसरडा आहे हे चालकाला पहिल्यांदा कळते ते ब्रेक दाबल्यावर. चढावरचे उदाहरण उतारावर लावून पाहावे. घर्षणांक ०.२ असलेल्या बर्फावर शंभरास पंधरा हा चढ सर्वचाकी गाडी चढून जाते, पण त्याच उतारावर ताशी ३० किमी वेगातून थांबायलाही तिला सुमारे ७० मीटर लागतात. बर्फ पडल्यावर मनालीहून अटल बोगद्याकडे बहुधा फोर बाय फोर किंवा साखळ्या लावलेल्या गाड्यांनाच सोडले जाते. परवानगी मिळाली म्हणजे रस्ता सुरक्षित झाला, असा अर्थ तिथे जाणाऱ्या आपल्याकडच्या पर्यटकांनी काढू नये. म्हणून मागे-पुढे वाहन नसताना अगदी कमी वेगात एकदा हलका ब्रेक दाबून पकड अजमावावी, वेग वळणाच्या आधीच कमी करावा आणि पुढच्या गाडीपासूनचे अंतर कित्येक पटींनी वाढवावे. थंडीत मऊ राहणारे हिवाळी टायर लावलेली, दोनच चाकांना जोर देणारी गाडी थांबण्याच्या बाबतीत साध्या टायरांवरच्या सर्वचाकी गाडीपेक्षा सरस ठरते.

तीव्र उतारावर ‘फोर लो’मध्ये पहिला गिअर टाकून क्लच न दाबता उतरणे मात्र खरोखर उपयोगाचे आहे, कारण इंजिनाचा रोध चारही चाकांवर सारखा पसरतो. उतार तिरका न कापता सरळ उतरावा.

कोकणात समुद्रकिनाऱ्यावर गाडी नेण्याचा मोह अनेकांना होतो आणि भरतीच्या वेळी वाळूत रुतलेल्या गाड्या गावकऱ्यांना ओढून काढाव्या लागतात. ज्या किनाऱ्यांवर वाहनांना बंदी आहे तिथे ती पाळावी, हे सांगण्याचीही गरज पडू नये. जिथे वाळूतून जाणे अपरिहार्य असते तिथे टायरमधली हवा बरीच कमी करतात, म्हणजे टायर पसरून जास्त जागेवर टेकतो. डांबरावर परतण्यापूर्वी ती पुन्हा भरावी लागते. चाके फिरत राहिली आणि गाडी हलत नसेल तर ॲक्सिलरेटर सोडावा, कारण प्रत्येक फेरा गाडीला आणखी खाली पुरतो. पुराच्या पाण्यापुढे तर कोणतीही चालना निरुपयोगी आहे. वेगाने वाहणारे सुमारे ३० सेंमी पाणी बहुतेक मोटारींना आणि ६० सेंमी पाणी एसयूव्हींनाही वाहून नेऊ शकते. जमिनीवरून उचललेल्या चाकाला कितीही जोर दिला तरी त्याला रेटायला काही उरत नाही.

देखभालीत टायरांना सर्वांत जास्त महत्त्व आहे. नव्या टायरची नक्षी ८ मिमी आणि झिजलेल्याची ३ मिमी असेल, तर त्रिज्येत ५ मिमी, म्हणजे साधारण दीड टक्का फरक पडतो; मधल्या क्लचला तो न संपणाऱ्या वळणासारखा वाटतो आणि तो सतत घासत राहतो. म्हणून चारही टायर एकाच मापाचे ठेवावेत, ठरावीक अंतरानंतर त्यांच्या जागा बदलाव्यात आणि शक्यतो एकत्रच नवे घ्यावेत. ट्रान्सफर केस आणि डिफरन्शियलचे तेल वेळेवर बदलावे लागते. बंद पडलेली सर्वचाकी गाडी दोन चाके उचलून ओढत नेली तर तिची यंत्रणा निकामी होऊ शकते. तिला चारही चाके जमिनीवरून उचलणाऱ्या सपाट पाठीच्या गाडीवर चढवूनच न्यावे लागते.