स्टॉकहोमचा मुक्काम आणि स्थलदर्शन : पाडलेल्या क्लाराची पार्श्वभूमी

स्टॉकहोमला जाणारा प्रवासी साधारणपणे मध्यवर्ती स्थानकाच्या आसपासच्या काँक्रीट आणि काचेच्या भागात मुक्काम करतो आणि शहर पाहण्यासाठी मात्र पूल ओलांडून गाम्ला स्तान या जुन्या शहराच्या गल्ल्यांत किंवा ड्यूरगोर्डेन बेटावर जातो. राहायचे एका शहरात आणि पाहायचे दुसरे, ही विभागणी निसर्गाने किंवा योगायोगाने झालेली नाही. तिची मुळे प्रामुख्याने 1945 ते 1975 या तीस वर्षांत, स्थानकालगतची क्लारा ही जुनी वस्ती पाडण्याबाबत घेतल्या गेलेल्या निर्णयांत आहेत आणि ती समजल्याशिवाय या राजधानीतील हॉटेले आहेत तिथेच का आहेत, याचा उलगडा होत नाही.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. शहराचा लेखी उल्लेख 1252 पासून मिळतो. जुना राजवाडा 1697च्या आगीत भस्मसात झाला आणि त्याच जागी उभारलेल्या आजच्या राजवाड्यात राजघराणे 1754 मध्ये राहायला आले. पर्यटन म्हणता येईल अशी रहदारी मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वे आणि आगबोटींमुळे सुरू झाली. 1871 मध्ये मध्यवर्ती स्थानक उघडले आणि तीनच वर्षांनी, 1874 मध्ये, राजवाड्यासमोरच्या धक्क्यावर एका फ्रेंच आचाऱ्याने ग्रँड हॉटेल सुरू केले. नोबेल पारितोषिकांची पहिली मेजवानी 1901 मध्ये याच हॉटेलात झाली. एक मुक्काम स्थानकापाशी, दुसरा पाण्यापाशी, अशी तेव्हाची ढोबळ वाटणी होती. 1891 मध्ये ड्यूरगोर्डेनवर स्कान्सेन हे खुले संग्रहालय उभे राहिले, 1897 मध्ये त्याच बेटावर मोठे औद्योगिक प्रदर्शन भरले आणि ‘पाहण्यासारखे ते ड्यूरगोर्डेनवर’ हा पायंडा पडला, तो आजतागायत टिकून आहे.

आज ज्या गाम्ला स्तानची छायाचित्रे प्रत्येक माहितीपत्रकावर असतात, ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रेक्षणीय मानले जात नव्हते, हे विशेष ध्यानात घ्यायला हवे. तो गरिबांचा, ओलसर आणि दाटीवाटीचा भाग होता आणि त्याचा बराचसा हिस्सा पाडावा असे प्रस्ताव गांभीर्याने मांडले जात होते. 1930च्या दशकात तिथल्या एका संपूर्ण गृहसमूहाची दुरुस्ती करताना वेगळा मार्ग निवडला गेला. रस्त्याकडेची जुनी घरे राखली, आतल्या अंगणातील नंतरची बांधकामे काढून उजेड आणि हवा येऊ दिली आणि घरे पुन्हा राहण्याजोगी केली. अरुंद भागात जेमतेम 90 सेंटिमीटर रुंद असलेली मॉर्टेन ट्रोत्झिग गल्ली एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून दोन्ही टोकांना कुंपण घालून बंद ठेवलेली होती. ती 1945 मध्ये पुन्हा खुली झाली आणि तिच्या 36 पायऱ्या आज दिवसभर पर्यटकांनी गजबजलेल्या असतात. जुने शहर वाचवूनही राहते ठेवता येते, याचे उदाहरण म्हणजे नगरपालिकेच्या डोळ्यांसमोरच होते. म्हणूनच पुढे पुलापलीकडे जे घडले ते अधिक खटकते.

पुलापलीकडचा नॉरमाल्मचा खालचा भाग म्हणजे क्लारा. स्थानकाला लागून असलेल्या या वस्तीत वृत्तपत्रांची कार्यालये, छापखाने, स्वस्त खानावळी, लहान हॉटेले आणि भाड्याच्या खोल्या होत्या. आगगाडीतून उतरलेल्या साध्या प्रवाशाला परवडणारी रात्र इथेच मिळत असे. 1940च्या दशकाच्या मध्यास हा भाग बहुतांशी जमीनदोस्त करून तिथे आधुनिक व्यापारी केंद्र उभारायचे ठरले. त्यामागची कारणे अगदीच पोकळ नव्हती. मोटारी वाढत होत्या, दुकाने इतरत्र सरकू लागली होती, अनेक घरांत सांडपाण्याची आणि शौचालयांची सोय वाईट होती. सर्वांत सबळ कारण भुयारी रेल्वेचे होते. दक्षिणेचा मार्ग 1950 मध्ये आणि पश्चिमेचा 1952 मध्ये सुरू झाला होता. शहराच्या मध्यातून त्यांना जोडणारा दुवा 1957 मध्ये पूर्ण झाला आणि त्यासाठी मोठ्या प्रमाणावर वरून खोदकाम करावे लागले. खोदायचेच आहे तर वरचेही नव्याने बांधू, हा विचार त्या काळाच्या उत्साहाला धरूनच होता.

तरीही दुवा जोडण्यासाठी जेवढे पाडणे आवश्यक होते त्याच्या कितीतरी पट अधिक पाडले गेले, हे नाकारता येत नाही. मालकांकडून सलग पट्टे सक्तीने संपादन करता यावेत यासाठी 1950च्या दशकात कायद्यातही बदल करण्यात आला. 1952 ते 1966 या काळात हॉटोरयेट या बाजारचौकाजवळ एका ओळीत पाच उंच कार्यालयीन इमारती उभ्या राहिल्या. त्यांच्या दक्षिणेला सेर्गेल चौक आकाराला आला, ज्यात पादचारी खालच्या पातळीवरच्या काळ्यापांढऱ्या त्रिकोणी फरश्यांवरून चालतो आणि मोटारी वरून वर्तुळ घेतात. वृत्तपत्रे 1960च्या दशकात एकामागून एक बाहेर पडली आणि त्यांच्यावर जगणाऱ्या खानावळी मिटल्या. उरले ते क्लारा चर्च आणि त्याचा सुमारे 116 मीटर उंच मनोरा. युद्धात बाँब पडलेल्या शहरांना जे नाइलाजाने करावे लागले ते तटस्थ राहिलेल्या स्वीडनने आपल्या राजधानीचे स्वतःहून केले, ही टीका तेव्हापासून होत आली आहे आणि प्रस्तुत लेखकाला ती रास्त वाटते.

1967च्या आराखड्यात ही पाडापाड आणखी पुढे नेण्याचा, प्रचंड वाहनतळ आणि मोठी हॉटेले उभारण्याचा संकल्प होता. स्थानकाजवळच्या टेगेलबाकेन येथे आंतरराष्ट्रीय साखळीतील शेरेटन 1971 मध्ये उघडले. शेकडो खोल्यांचे, सभागृहांचे आणि विमानाने येणाऱ्या व्यावसायिक प्रवाशाचे हॉटेल हा नमुना यानंतर मध्यवर्ती भागात रुळला. मात्र त्याच वर्षीच्या मे महिन्यात कुंगस्त्रेदगोर्डेन या उद्यानात वारे फिरले. भुयारी स्थानकाच्या प्रवेशद्वारासाठी तेथील एल्मची जुनी झाडे तोडायचे ठरले होते. रात्री तोडणी सुरू होताच नागरिकांनी झाडांभोवती कडे केले, काही जण फांद्यांवर चढून बसले आणि पोलिसांशी झटापट झाली. अखेर नगरपालिकेला माघार घ्यावी लागली, झाडे राहिली आणि प्रवेशद्वार बाजूच्या रस्त्यावर हलवण्यात आले. त्या रात्रीचे करवतीचे व्रण वाचलेल्या खोडांवर पुढे अनेक वर्षे दिसत राहिले. पुढच्याच वर्षी, जून 1972 मध्ये, मानवी पर्यावरणावरील संयुक्त राष्ट्रांची परिषद याच शहरात भरली आणि तीत तत्कालीन भारतीय पंतप्रधानांनी केलेले दारिद्र्य व पर्यावरणविषयक भाषण आपल्याकडे आजही उद्धृत केले जाते. परिषदेच्या यजमान शहरात झाडांवरून उसळलेला असंतोष तेव्हा ताजा होता.

1975च्या सुमारास नव्या आराखड्याने उरलेल्या पाडापाडीला लगाम घातला. तोवर रिकामे झालेले काही भूखंड मात्र उघड्या खड्ड्यांच्या रूपात दीर्घकाळ पडून होते. कुंगस्त्रेदगोर्डेनचे भुयारी स्थानक 1977 मध्ये उघडले तेव्हा 1950 आणि 1960च्या दशकांत पाडलेल्या इमारतींचे वाचवलेले अवशेष त्याच्या सजावटीत बसवण्यात आले. स्टॉकहोमची भुयारी स्थानके कलेसाठी पाहण्याची प्रथा आता सर्वपरिचित आहे, परंतु या एका स्थानकात कला आणि पश्चात्ताप यांची सरमिसळ झालेली आहे, असे म्हणावेसे वाटते.

मुक्कामाच्या दृष्टीने या सर्व प्रकाराचा परिणाम असा झाला की स्वस्त खोल्यांची क्लारातील पुंजी गेली आणि तिची भरपाई अनपेक्षित जागांनी केली. 1938 पासून स्वीडिश कामगारांना दोन आठवड्यांची हक्काची रजा मिळू लागली होती आणि तरुण प्रवाशांची संख्या वाढत होती. 1888 मध्ये इंग्लंडात बांधलेले तीन डोलकाठ्यांचे ‘आफ चॅपमन’ हे जहाज 1949 मध्ये शेप्सहोल्मेन बेटाच्या काठाला नांगरून वसतिगृह करण्यात आले होते. लोंगहोल्मेन बेटावरचा तुरुंग 1975 मध्ये बंद झाला आणि 1989 पासून त्याच्या कोठड्यांत पाहुणे झोपू लागले. संसदेचीही कथा याच मालेतली आहे. एकसदनी झालेली संसद 1971 ते 1983 या काळात सेर्गेल चौकातील सांस्कृतिक भवनाच्या वास्तूत भरत असे. ती आपल्या मूळ बेटावर परतली आणि सांस्कृतिक भवनाच्या मागच्या बाजूची, खासदारांची कार्यालये असलेली इमारत हॉटेल झाली. त्या परतीच्या तयारीत, 1978 ते 1980 दरम्यान, संसदेच्या वाहनतळासाठी खोदताना मध्ययुगीन तटबंदी सापडली. एल्मच्या प्रकरणानंतर ती गाडून टाकणे कोणालाही शक्य नव्हते. वाहनतळाचा बेत मागे पडला आणि 1986 मध्ये तिथेच मध्ययुगीन स्टॉकहोमचे संग्रहालय उघडले.

सतराव्या शतकात बुडालेल्या वासा या युद्धनौकेच्या कथेची इथे पुनरावृत्ती करण्याची गरज नाही. इतकेच नोंदवावे की 1961 मध्ये वर काढलेले हे जहाज जवळजवळ तीन दशके तात्पुरत्या शेडमध्ये होते आणि 1990 मध्ये कायमचे संग्रहालय झाल्यावर ड्यूरगोर्डेनचे पारडे आणखी जड झाले. मध्यवर्ती भागात याउलट मुक्कामच वाढत गेला. 1973च्या ज्या ओलीसनाट्याने मानसशास्त्राला या शहराचे नाव (‘स्टॉकहोम सिंड्रोम’) दिले, त्या नॉरमाल्म चौकातील बँकेच्या इमारतीत 2010 पासून नोबिस हे हॉटेल आहे. ब्रुंकेबेरी चौक एकेकाळी घोडागाड्यांचा आणि हॉटेलांचा होता, पुनर्रचनेत तो मागील दाराचा रस्ता बनला आणि 2017 मध्ये तिथल्या बँकेच्या काँक्रीट इमारतीचेच हॉटेल होऊन चौकात पुन्हा माणसे दिसू लागली. पाडून बांधलेले पुन्हा न पाडता वापरण्याची ही रीत उशिरा आलेले शहाणपण आहे, पण ती स्वागतार्ह आहे.

हा वाद अजून शमलेला नाही. ब्लासिएहोल्मेनच्या धक्क्यावर, ग्रँड हॉटेलच्या मागच्या अंगाला, नोबेल पारितोषिकांसाठी भव्य केंद्र उभारायचे घाटत होते आणि त्यासाठी 1876 मधील जकातघर पाडावे लागणार होते. 2018 मध्ये न्यायालयाने त्या परिसराच्या ऐतिहासिक स्वरूपाला बाधा येईल या कारणावरून ही योजना रोखली. त्यानंतर केंद्रासाठी गाम्ला स्तानच्या दक्षिणेकडील स्लुसेनची जागा ठरवण्यात आली, जिथे 1935ची रस्त्यांची गुंतागुंतीची रचना काढून टाकण्याचे काम आधीच सुरू होते आणि 2020 मध्ये सोनेरी रंगाचा नवा पूल वाहतुकीस खुला झाला.