ड्रिपचं ॲसिड आणि होडीचं ॲसिड

रावेर-यावलच्या केळीवाल्याला ॲसिड ट्रीटमेंट शिकवायची गरज नाही. व्हेंचुरीतून (खत-ॲसिड ओढून ड्रिपच्या पाण्यात मिसळणारं साधन) ॲसिड सोडा, लॅटरलच्या, म्हणजे ड्रिपर बसवलेल्या नळीच्या, टोकाला सामू (pH) ४ दिसला की थांबा, २४ तास तसंच राहू द्या, मग फ्लश करा. बोअरच्या क्षारांनी तुंबलेले ड्रिपर मोकळे.

पंचाईत होते ती हाच गडी ॲल्युमिनियमची होडी उलटी टाकून कॅनमधलं उरलेलं हायड्रोक्लोरिक तिच्या बुडाला फासतो तेव्हा. वर म्हणतो, "फेस येतोय ना भाऊ, म्हणजे मळ निघतोय!" हे ऐकून ऐकून कान किटलेत.

फेसाफेसात फरक आहे. ड्रिपमध्ये चुना विरघळतो आणि कार्बन डायऑक्साइड निघतो. चुना संपला की फेस बसतो, कारण नळी प्लॅस्टिकची, तिला ॲसिड काही करत नाही. होडीवरही पहिला फेस क्षारांचाच असतो. पण क्षार गेले तरी तो थांबत नाही, उलट वाढतो आणि पत्रा गरम लागायला लागतो. आता निघतोय तो हायड्रोजन, आणि विरघळतोय तो तुमचा पत्रा. (बिडी लांब ठेवा.) ॲल्युमिनियमवर हवेनं आपोआप ऑक्साइडचा पातळ थर धरतो, तेच त्याचं चिलखत. साधारण सामू ४ ते ९ या दरम्यान तो टिकतो. तीव्र ॲसिडनं थर जातो, आणि हायड्रोक्लोरिकमधलं क्लोराइड कच्च्या जागा हेरून बारीक खड्डे पाडतं. वरून होडी चकाचक, आणि खड्डे खोल जातच राहतात.

म्हणून होडीला फॉस्फरिक, तेही पातळ केलेलं. थोडं तेही खातं, पण सावकाश, आणि त्यात क्लोराइड नसतं. सावलीत, थंड पत्र्यावर, खालून वर लावायचं आणि काही मिनिटांत, सुकायच्या आत, भरपूर पाण्यानं धुवायचं. २४ तास विसरा. कॉस्टिक सोडाही नको, तो दुसऱ्या टोकानं तेच करतो. तारेचा लोखंडी ब्रश तर फेकूनच द्या. हायड्रोफ्लोरिकवाले 'ब्राइटनर' मी हातात धरत नाही. ते कातडीतून हाडापर्यंत पोचतं. हातमोजे, चष्मा, ॲसिड पाण्यात ओतायचं हे सगळं ड्रिपसारखंच.

आणि ॲसिडनं धुतलं की होडी गंजत नाही, हा आणखी एक गैरसमज. ॲसिड फक्त डाग काढतं. थर नंतर हवेनंच धरतो. गंज धरतो तो होडी ओल्या गोणपाटावर किंवा तापीच्या गाळात महिनोन्महिने टेकवून ठेवल्यानं, पितळी नट-बोल्ट थेट पत्र्यात कसल्यानं, तांबं असलेला रंग फासल्यानं. हतनूर धरण असो की उकाईचं नंदुरबारकडचं बॅकवॉटर, पाणी गोडं आहे, तेव्हा ॲनोड (पत्र्याऐवजी स्वतः झिजणारा, होडीला जोडायचा धातूचा ठोकळा) मॅग्नेशियमचा घ्या. जस्ताचा समुद्रासाठी ठीक. गोड्या पाण्यात त्याच्यावर पुटं चढून तो निकामी होतो. आणि होडी रंगवताना ॲनोडवर ब्रश फिरवू नका.