झोपेच्या गोळ्यांचे अवलंबित्व

निद्रानाश किंवा चिंता यांवर डॉक्टरांनी लिहून दिलेली शामक औषधे काही आठवड्यांहून अधिक काळ घेतली की शरीराला त्यांची सवय जडू लागते. ती थांबवली की त्रास होतो आणि त्या त्रासापायी ती चालूच राहतात. या अवस्थेला झोपेच्या गोळ्यांचे अवलंबित्व म्हणतात. आज याचा संबंध मुख्यतः दोन गटांशी येतो : अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, नायट्राझेपाम, डायझेपाम इत्यादी बेंझोडायझेपिने आणि झोल्पिडेम, झोपिक्लोन ही ‘झेड औषधे’.

बोलीत याला सरसकट ‘व्यसन’ म्हणतात. पण दारू किंवा गर्द यांच्या मापाने हे मोजता येत नाही. यांतील पुष्कळ रुग्णांनी मात्रा कधी वाढवलेली नसते, नशा तर माहीतही नसते. रात्री जेवणानंतर अर्धी गोळी, एवढाच दहा-पंधरा वर्षांचा नेम. ती गोळी रक्तदाबाच्या गोळीशेजारी त्याच डबीत असते आणि घरात कोणाला त्यात वावगे वाटत नाही. म्हणून वैद्यकात दोन गोष्टी वेगळ्या धरतात. गोळी थांबवल्यावर शरीर बंड करते ते अवलंबित्व. गोळीची ओढ लागणे, मात्रा वाढवत नेणे, तीन डॉक्टरांकडून तीन चिठ्ठ्या घेणे, नुकसान दिसत असूनही न थांबणे, हे व्यसन. पहिल्यावाचून दुसरे क्वचित असते, दुसऱ्यावाचून पहिले मात्र घरोघरी आढळते.

इतिहास : झोपेच्या औषधांचा इतिहास ‘आधीच्यापेक्षा सुरक्षित’ या शब्दांभोवती फिरत आला आहे. क्लोरल हायड्रेट १८६९ पासून वापरात आले. १९०३ मध्ये एमिल फिशर व योझेफ फोन मेरिंग यांनी बार्बिटलचे निद्राकारक गुण प्रसिद्ध केले आणि पुढची पन्नासेक वर्षे त्याच्या गटातल्या औषधांची, म्हणजे बार्बिच्युरेटांची ठरली. झोप आणणारी मात्रा आणि जीव घेणारी मात्रा यांतले अंतर त्यांच्यात फार थोडे. ऑगस्ट १९६२ मध्ये हॉलिवुडची अभिनेत्री मेरिलिन मन्रो गेली, तेव्हा तिच्या शरीरात पेंटोबार्बिटल हे बार्बिच्युरेट व क्लोरल हायड्रेट दोन्ही सापडले.

मेथाक्वालोन या औषधाचे मूळ भारतातले. हिवतापावरील औषधाच्या शोधात असताना इंद्र किशोर काकर व सय्यद हुसेन झहीर यांनी १९५१ मध्ये ते तयार केले. बार्बिच्युरेटाला निर्धोक पर्याय म्हणून ते ‘मँड्रॅक्स’ या नावाने विकले गेले, नशेबाजांनी ते उचलले आणि आज त्याचे नाव निघते ते तस्करीच्या बातम्यांतच.

बेंझोडायझेपिनांचा जनक लिओ स्टर्नबाख अमेरिकेत न्यू जर्सीतील नटली येथे हॉफमन-ला रोश कंपनीत काम करी. त्याने बनवलेले एक संयुग फळीवर पडून होते. १९५७ मध्ये टेबल आवरताना ते पुन्हा हाती लागले आणि चाचणीला गेले. तेच १९६० मध्ये ‘लिब्रियम’ म्हणून बाजारात आले, मागोमाग १९६३ मध्ये ‘व्हॅलियम’, म्हणजे डायझेपाम. भारतात डायझेपाम ‘काम्पोज’ या नावाने इतके रुळले, की एका पिढीला झोपेची गोळी म्हणजे काम्पोज एवढेच ठाऊक होते.

धोक्याची सूचना मिळाली नव्हती असे म्हणता येत नाही. १९६१ मध्येच अमेरिकेतील डॉक्टर लिओ हॉलिस्टर यांनी मोठ्या मात्रेत लिब्रियम घेणाऱ्या ११ रुग्णांचे औषध एकदम थांबवून पाहिले : १० जणांना त्रास झाला, दोघांना आकडी आली. मात्रा मोठी होती म्हणून असे झाले, अशी समजूत करून घेतली गेली. नेहमीच्या मात्रेवरही शरीर अवलंबून राहते हे लंडनचे मानसोपचारतज्ज्ञ माल्कम लेडर यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी दाखवून दिले. ब्रिटनने १९८८ मध्ये ही औषधे दोन ते चार आठवड्यांपुरतीच द्यावीत अशी सूचना काढली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या गटाच्या वेष्टनावर अवलंबित्वाचा ठळक चौकटीतला इशारा सक्तीचा केला तो २०२० मध्ये.

शरीरात काय घडते : मेंदूतील पेशींची धावपळ आवरणारे ‘गॅबा’ नावाचे रसायन असते. या गोळ्या गॅबाच्या ग्राहीवर (पेशीवरील त्याच्या ठरलेल्या जागेवर) बसून त्याचा प्रभाव वाढवतात. म्हणून झोप येते, स्नायू सैलावतात, काळजी दूर सरते. मेंदू मात्र तराजू समतोल ठेवायला बघतो. एका पारड्यात रोज रात्री गोळी पडू लागली की तो दुसऱ्या पारड्यात हळूहळू पासंग घालतो : गॅबाला दाद देणे कमी करतो, उत्तेजना देणाऱ्या यंत्रणा वाढवतो. मग तीच गोळी पूर्वीइतकी झोप देत नाही. आणि पारड्यातली गोळी अचानक काढून घेतली, तर पासंगाचे पारडे धाडकन खाली येते.

ते किती लवकर येईल हे औषध शरीरात किती टिकते यावर ठरते. झोल्पिडेमचा अर्धायुकाल (रक्तातले औषध निम्मे होण्यास लागणारा वेळ) सुमारे अडीच तास, अल्प्राझोलमचा सुमारे ११ तास. डायझेपाम व शरीरात त्यापासून बनणारी उपद्रव्ये कित्येक दिवस रेंगाळतात. रात्री अल्प्राझोलम घेणाऱ्याला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विनाकारण धडधड होते, ती बहुधा पुढच्या गोळीची हाक असते.

लक्षणे : गोळी थांबल्यावर एक-दोन दिवसांत (डायझेपामसारख्या औषधात आठवडाभराने) झोप उडते, घाम फुटतो, हात थरथरतात, अंगावर मुंग्या येतात. भांडे पडल्याचा आवाज कानात घुसतो, उजेड सोसत नाही. मात्रा मोठी असेल तर आकडी येऊ शकते, भ्रम होतो, क्वचित मृत्यूही ओढवतो. नशा तुटल्यावर होणाऱ्या त्रासाला गर्दुल्ल्यांच्या भाषेत ‘टर्की’ म्हणतात. ब्राउन शुगरची टर्की यातनामय असली तरी सहसा जीवघेणी नसते. शामक गोळ्यांची असू शकते.

सगळ्यांत फसवे लक्षण मात्र साधेच आहे : निद्रानाश. गोळी सोडल्यावर येणारा निद्रानाश मूळच्यापेक्षा तीव्र असतो. रुग्ण तीन रात्री तळमळतो, ‘बघा, गोळीशिवाय मला झोपच नाही’ असे म्हणून पुन्हा गोळीकडे वळतो, आणि डॉक्टरही मूळ आजार उलटला असे समजून चिठ्ठी पुढे चालू ठेवतात. औषधाने निर्माण केलेला त्रास औषधाच्या गरजेचा पुरावा ठरतो. या एका गैरसमजावर कित्येकांची दहा-दहा वर्षे गेली आहेत.

वृद्धांत वेगळीच हानी दिसते. रात्री लघवीला उठताना तोल जाऊन खुब्याचे हाड मोडते. विसरभोळेपणा वाढतो आणि तो वयाच्या माथी मारला जातो. दारू किंवा अफूजन्य वेदनाशामकांबरोबर घेतल्यास श्वास मंदावून प्राण जाऊ शकतो.

भारतातील स्थिती : केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार १० ते ७५ वयोगटातील १.०८ टक्के, म्हणजे सुमारे १.१८ कोटी लोक वैद्यकीय कारणाशिवाय शामके घेत होते. संख्येच्या दृष्टीने पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र आहे. चिठ्ठी घेऊन वर्षानुवर्षे गोळी खाणारे या आकड्यात धरलेले नाहीत.

अल्प्राझोलम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम ही औषधे औषध नियमांच्या ‘एच-१’ परिशिष्टात येतात. मार्च २०१४ पासून लागू असलेल्या या नियमानुसार मेडिकलवाल्याने डॉक्टर, रुग्ण, औषध व नग यांची नोंद वेगळ्या वहीत करून ती तीन वर्षे जपायची असते. व्यवहारात पिवळी पडलेली जुनी चिठ्ठी पुष्कळदा चालून जाते. मालेगावात अल्प्राझोलमची गोळी नशेसाठी ‘कुत्ता गोळी’ म्हणून विकली जाते. तेलंगणात ताडीत अल्प्राझोलम मिसळल्याची प्रकरणे वारंवार उघड झाली आहेत. अशी ताडी एकाएकी बंद झाली, की आकडी व भ्रमाचे रुग्ण रुग्णालयात येतात. त्यांनी कोणाची चिठ्ठी घेतलेली नसते, गोळी मात्र तीच.

आपल्याकडची खास अडचण म्हणजे जोडगोळ्या. नैराश्यावरील एस्सिटालोप्रॅमबरोबर क्लोनाझेपाम, धडधडीवरील प्रोप्रॅनोलॉलबरोबर अल्प्राझोलम, पोटाच्या मुरड्यावरील गोळीत क्लोरडायझेपॉक्साइड, म्हणजे वर आलेले लिब्रियम. आपण झोपेचे औषध घेत आहोत हे रुग्णाच्या गावीही नसते. ‘पित्ताची गोळी’ सुटत नाही, एवढेच त्याला कळते.

उपचार : पहिला नियम, गोळी एका झटक्यात बंद करायची नाही. उपासाच्या निश्चयाने गोळ्यांची पाकिटे कचऱ्यात टाकणारा रुग्ण स्वतःला धोक्यात घालतो. सुरुवात घरातली सारी औषधे टेबलावर मांडण्यापासून होते. वर सांगितलेल्या जोडगोळ्या इथेच सापडतात.

नंतर मात्रा उतरवत नेतात. दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्के कपात हा आजचा सर्वसाधारण आरंभ. काहींना याहून वेग झेपतो. आखूड पल्ल्याच्या औषधावरून लांब पल्ल्याच्या डायझेपामवर नेऊन मग उतरवण्याची पद्धत औषधशास्त्रज्ञ हेदर ॲश्टन यांनी इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे १९८२ ते १९९४ या काळात चालवलेल्या खास दवाखान्यातून रूढ झाली. त्यांच्या तक्त्यात ०.५ मिग्रॅ. अल्प्राझोलम सुमारे १० मिग्रॅ. डायझेपामच्या तोडीचे धरले आहे. म्हणजे ‘पॉइंट फाइव्हची छोटीशी गोळी’ हे वर्णन किती फसवे, ते कळते. यकृताचा आजार असलेल्यांना व अतिवृद्धांना डायझेपाम साठत जात असल्याने लोराझेपाम बरे. मोठी मात्रा, पूर्वी आलेली आकडी, जोडीला दारू किंवा गरोदरपण असेल तर दाखल करूनच उपचार करतात.

या काळात रुग्णाला झोप शिकवावी लागते. निद्रानाशासाठीच्या बोधात्मक-वर्तन उपचाराला (झोपेविषयीचे विचार व सवयी बदलणाऱ्या बिनऔषधी उपचाराला) अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये पहिल्या पसंतीचे स्थान दिले. त्याची सूत्रे कठोर आहेत : उठण्याची वेळ रोज एकच; झोप येईल तेव्हाच आडवे व्हायचे; वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून बसायचे; पाच तासच झोप लागत असेल तर आरंभी अंथरुणातही जवळपास तेवढाच वेळ घालवायचा. वामकुक्षीही सोडावी लागते, आणि अनेक निवृत्त मंडळींना गोळीपेक्षा तीच सोडणे जड जाते. ‘पलंग फक्त झोपेसाठी’ हा नियम एका खोलीच्या घरात पाळता येत नाही; तिथे दिवसा अंथरूण गुंडाळून ठेवणे हा त्याचाच देशी अवतार.

बदली गोळ्यांबद्दल थोडक्यात : सर्दीच्या औषधांतली गुंगी हा उपाय नव्हे, मेलाटोनिनचा उपयोग मर्यादित, बेंझोडायझेपिनाचा उतारा असलेले फ्लुमाझेनिल अवलंबित रुग्णात आकडी आणू शकते.

रुग्णाला नीट सांगितले तरी बरेच साधते. कॅनडातील क्वेबेक प्रांतात ६५ वर्षांवरील रुग्णांना औषधाचे धोके व उतरवण्याचे वेळापत्रक असलेली पुस्तिका दिली. सहा महिन्यांत २७ टक्के लोकांनी गोळी पूर्ण सोडली, पुस्तिका न मिळालेल्यांत फक्त ५ टक्के. २०१४ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

महाराष्ट्रात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या मानसोपचार विभागांत हे उपचार मिळतात. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून काम करीत आहे. ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. मात्र अर्ध्या गोळीच्या आजीला दारुड्यांच्या गटसभेत बसवणे योग्य नाही. तिला धीराचा कुटुंबवैद्य आणि गोळी कापायची सुरी पुरते.

शेवटची पाव गोळी सर्वांत अवघड जाते. तेवढ्याने औषधी परिणाम जवळपास काही होत नसतो, पण रुग्ण महिनोन्‌महिने तिथेच अडतो. काही डॉक्टर अशा वेळी घाई करत नाहीत. पाव गोळी एक दिवसाआड करण्यापेक्षा तिचाही चुरा करून रोज थोडा कमी घ्यायला सांगतात, आणि गोळ्या मोजून आठवड्यापुरत्याच घरात ठेवायला लावतात.