गाडीतलं नॅव्हिगेशन आणि काचेवरचं जीपीएस: नकाशा तोच, मग फरक कुठे?

उघड्या रस्त्यावर दोन्ही यंत्रं सारखीच वाटतात. डॅशबोर्डात कंपनीनं बसवून दिलेलं नॅव्हिगेशन असो की पुढच्या काचेला रबरी वाटीनं चिकटवलेलं सुटं जीपीएस यंत्र असो, नकाशावर सरकणारा बाण तोच आणि ‘पुढे डावीकडे वळा’ म्हणणारा आवाजही तसलाच. फरक कळतो तो बोगद्यात. आकाश दिसेनासं झालं की सुटं यंत्र शेवटचा वेग धरून बाण अंदाजानं पुढे ढकलत राहतं. तुम्ही आत वाहतुकीत अडकून उभे असता आणि याचा बाण पलीकडे पोचलेला असतो. बोगद्यातच रस्त्याला फाटा असेल तर तुम्ही कुठला धरला हे त्याला बाहेर आल्यावरच समजतं. गाडीतल्या यंत्राला मात्र चाकं फिरतायत की थांबलीयत हे ठाऊक असतं, कारण ते चाकांशी तारेनं जोडलेलं असतं.

जीपीएस हा शब्द आपण इतका सैल वापरतो की सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो. ‘गाडीला जीपीएस बसवलाय’ असं म्हणणाऱ्या माणसाच्या मनात बरेचदा ट्रॅकर असतो, म्हणजे गाडी कुठे आहे हे मालकाला कळवणारी डबी. ती वेगळी गोष्ट, तिला इथं बाजूलाच ठेवू. मूळ जीपीएस म्हणजे सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह. प्रत्येक उपग्रह आपली जागा आणि अणुघड्याळावरची वेळ सतत सांगत असतो. गाडीतला रिसीव्हर निदान चार उपग्रहांचं ऐकतो आणि संदेश यायला किती वेळ लागला त्यावरून अंतरं काढतो. जागेसाठी तीन पुरले असते, पण रिसीव्हरचं स्वतःचं घड्याळ स्वस्तातलं असतं, त्याची चूक काढायला चौथा लागतो. हा सगळा एकतर्फी कारभार आहे. रिसीव्हर फक्त ऐकतो, उपग्रहाला तुमचा पत्ताही नसतो, आणि यासाठी इंटरनेट लागत नाही. इथपर्यंत दोन्ही यंत्रं सख्खी भावंडं.

पण जन्मकथा वेगळ्या आहेत, आणि माझ्या मते त्या कळल्या की बाकीचं आपोआप उलगडतं. गाडीतल्या नॅव्हिगेशनचा उपग्रहांशी सुरुवातीला काही संबंधच नव्हता. होंडानं १९८१ साली जपानमध्ये आणलेल्या ‘इलेक्ट्रो जायरोकेटर’मध्ये हेलियम वायूवर चालणारा जायरोस्कोप होता. गाडी किती वळली आणि किती पुढे गेली हे मोजून ते यंत्र पडद्यावर ठिपका हलवायचं, आणि त्या पडद्यासमोर पारदर्शक कागदावरचा नकाशा हातानं सरकवून बसवायचा. अमेरिकेतल्या ईटॅक कंपनीनं १९८५ साली आणलेल्या यंत्रात नकाशे चक्क कॅसेटवर होते, आणि चाकांचे सेन्सर व होकायंत्र यांच्यावर सगळा हिशोब चालायचा. जीपीएस असलेलं नॅव्हिगेशन कारखान्यातूनच बसवून आलं ते १९९० साली, माझ्दाच्या ‘युनोस कॉस्मो’ या गाडीत. थोडक्यात, चाकं मोजणं हा या घराण्याचा मूळ धंदा आणि उपग्रह ही मागाहून आलेली सून.

सुट्या यंत्राचं उलट. त्याच्याकडे आकाशाशिवाय काही नाही. आणि १ मे २००० पर्यंत अमेरिकी सरकार नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम खोट घालत असे, त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत चुकायची. शंभर मीटरमध्ये शेजारची गल्लीही येते आणि तिच्या पलीकडचीही. ती खोट बंद झाल्यावर फक्त आकाशाकडे बघून रस्ता सांगणं जमण्यासारखं झालं, आणि गार्मिन, टॉमटॉम या कंपन्यांच्या डब्या काचेकाचेवर दिसू लागल्या.

ही घराण्याची ओळख रोजच्या वापरात जागोजागी दिसते. तळघरातल्या पार्किंगमधून बाहेर पडताना गाडीतल्या यंत्राला तोंड कुठल्या दिशेला आहे हे माहीत असतं. ते आत आलेलं, वळलेलं, उभं राहिलेलं सगळं त्यानं मोजून ठेवलेलं असतं. सुटं यंत्र आधी उपग्रह शोधतं, आणि उपग्रह सापडल्यावरही एका जागी उभं असताना त्याला दिशा कळत नाही. दोन जागांमधला फरक मिळाल्याशिवाय दिशा काढणार कशी? म्हणून पहिलं वळण हमखास चुकतं. उंच इमारतींच्या गल्लीतही तेच. उपग्रहाचा संदेश भिंतींवर आपटून लांबच्या वाटेनं येतो आणि बाण शेजारच्या रस्त्यावर उडी मारतो. चाकांची साक्ष असलेलं यंत्र अशा उडीवर सहसा विश्वास ठेवत नाही. उड्डाणपुलावर की खालच्या सर्व्हिस रोडवर, हा प्रश्न मात्र दोघांनाही जड जातो, कारण जीपीएसला उंची नेहमीच आडव्या जागेपेक्षा कमी नीट कळते. काही गाड्यांत चढ ओळखणारा सेन्सर असतो, तिथं जरा सावरतं.

चाकांची साक्षही कधी खोटी निघते, हेही सांगायला हवं. वेगळ्या मापाचे टायर बसवले की एका फेऱ्यातलं अंतर बदलतं आणि यंत्राला नवा हिशोब शिकायला काही काळ लागतो. गाडी फेरीबोटीतून किंवा ट्रेलरवरून नेली की चाकं थांबलेली आणि गाडी पुढे चाललेली, अशा वेळी बाण थोडा वेळ भलत्याच ठिकाणी दिसू शकतो. काचेवरच्या डबीला या गोष्टींचं सोयरसुतक नसतं.

अँटेनाचाही मुद्दा आहे. बसवून आलेल्या यंत्राची अँटेना बहुधा टपावर, शार्कच्या पंखासारख्या त्या उंचवट्यात असते आणि तिला आकाश मोकळं मिळतं. सुट्याला काचेतून बघावं लागतं, आणि ऊन अडवण्यासाठी काचेत धातूचा पातळ थर दिला असेल तर संदेश बराच क्षीण होतो.

वेगाच्या बाबतीत एक गंमत. सुटं यंत्र ९२ दाखवतं आणि गाडीचा काटा ९७, मग लोक यंत्राला नावं ठेवतात. स्थिर वेगात, सरळ रस्त्यावर बहुधा यंत्रच खऱ्याच्या जवळ असतं. संयुक्त राष्ट्रांच्या ज्या नियमावलीनुसार अनेक देशांत स्पीडोमीटर तपासले जातात, तिच्यात काटा खऱ्यापेक्षा कमी दाखवायला मनाई आहे. जास्त मात्र खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक ४ किलोमीटर इतकं दाखवलं तरी चालतं. म्हणून कंपन्या काटा थोडा पुढेच ठेवतात.

आता नकाशा. गाडीतला नकाशा कंपनीनं स्वतः बनवलेला आणि डबीतला कुठून तरी आणलेला, असा एक समज असतो. प्रत्यक्षात वर्षानुवर्षं दोन्हींचे नकाशे बव्हंशी दोनच घरांतून यायचे, नॅव्हटेक आणि टेलिअ‍ॅटलस. गार्मिन नॅव्हटेकचे नकाशे वापरायची आणि कितीतरी गाड्याही. टॉमटॉमनं २००८ मध्ये टेलिअ‍ॅटलस विकतच घेतली. नॅव्हटेक नोकियाकडे गेली, तिची पुढे ‘हिअर’ झाली आणि २०१५ मध्ये ती आउडी, बीएमडब्ल्यू आणि डाइमलर या गाड्या बनवणाऱ्यांनी मिळून घेतली. तेव्हा नकाशाच्या दर्जावरून भांडण्यात अर्थ नाही. विचारायचा प्रश्न हा, की तो ताजा कसा ठेवायचा.

इथं बसवून आलेलं यंत्र मागे पडतं. गाडी दहा-पंधरा वर्षं चालते, इलेक्ट्रॉनिक्स त्याआधीच म्हातारं होतं. नवा नकाशा डीव्हीडी किंवा मेमरी कार्डवर घ्यायचा, अनेकदा पैसे मोजून, आणि कंपनीनं त्या मॉडेलचे नकाशे काढणं थांबवलं की विषय संपला. इंटरनेटनं जोडलेल्या गाड्यांची वेगळी तऱ्हा. अमेरिकेत २०२२ साली ३जी सेवा बंद झाल्या तेव्हा धडधाकट गाड्यांमधल्या ऑनलाइन सोयी मुक्या झाल्या. जीपीएसच्या मूळ संदेशात आठवड्यांचा आकडा १०२३ पर्यंत जाऊन पुन्हा शून्यावर येतो. अशी फेरी एप्रिल २०१९ मध्ये पूर्ण झाली, पुढची नोव्हेंबर २०३८ मध्ये आहे. ज्या जुन्या यंत्रांनी याची तजवीज केलेली नसते, त्यांची तारीख सुमारे वीस वर्षं मागे जाते. सुटं यंत्र असं हट्टाला पेटलं तर ड्रॉवरमध्ये टाकून दुसरं आणता येतं. डॅशबोर्ड कसा बदलणार?

विजेच्या गाडीत मात्र माझं पारडं सरळ बसवून आलेल्या यंत्राकडे झुकतं. बॅटरीत किती चार्ज उरलाय, पुढच्या चढाला किती लागेल, वाटेत कुठे थांबावं, हे गाडीतल्या यंत्रालाच धड सांगता येतं. शिवाय फास्ट चार्जर हे मुक्काम म्हणून टाकलं की बऱ्याच गाड्या पोचण्याआधीच बॅटरी योग्य तापमानाला आणू लागतात, म्हणजे चार्जिंग लवकर होतं. काचेवरची डबी यातलं काहीच करू शकत नाही. ट्रकचालकासाठी उलट सल्ला. गाडीची उंची, वजन, लांबी भरून घेऊन ठेंगणे पूल आणि कमजोर रस्ते टाळणारी खास सुटी यंत्रं मिळतात. एकाच माणसाला रोज वेगळी गाडी चालवावी लागत असेल तर त्यालाही सुटंच सोयीचं.

राहिला तिसरा, जो या दोघांच्या वेशात फिरतो. डॅशबोर्डची मोठी स्क्रीन बघून ‘गाडीत नॅव्हिगेशन आहे’ म्हणणाऱ्या कितीतरी जणांकडे प्रत्यक्षात कारप्ले किंवा अँड्रॉइड ऑटो, म्हणजे फोनमधली अ‍ॅप गाडीच्या स्क्रीनवर दाखवणारी सोय, असते. ही सोय अनुक्रमे २०१४ आणि २०१५ पासून आली. नकाशा, रस्त्याचा हिशोब, इंटरनेट, सगळं खिशातल्या फोनचं. गाडी फक्त आपली स्क्रीन उसनी देते. कसोटी सोपी आहे: फोन गाडीपासून तोडा आणि स्क्रीनवर नकाशा उरतो का बघा. हा प्रकार वाईट मुळीच नाही. काही गाड्या आपल्या अँटेनाची आणि चाकांची माहितीही फोनला पुरवतात, मग बोगद्यातही बाण शहाण्यासारखा वागतो. गूगलनं ऑक्टोबर २००९ मध्ये अँड्रॉइड फोनवर वळणावळणाचा रस्ता फुकट सांगायला सुरुवात केली, आणि काचेवरच्या डब्यांचा बाजार तेव्हापासूनच आटत गेला. साध्या पेट्रोलच्या गाडीत, रोजच्या नेटवर्कच्या टापूत, नॅव्हिगेशनसाठी वेगळे पैसे मोजावेत असं मला वाटत नाही. नेटवर्कच नसलेल्या भागात जायचं असेल तर फोनमध्ये नकाशा आधीच उतरवून ठेवा.

गाडी विकताना आणखी एक फरक पुढे येतो. सुटं यंत्र तुम्ही काढून पिशवीत टाकता. बसवून आलेलं गाडीबरोबर जातं, आणि त्यात ‘घर’ या नावानं तुमचा पत्ता, जिथं जिथं गेलात ती ठिकाणं आणि कधी काळी जोडलेल्या फोनमधले नंबर साठलेले असतात. किल्ली देण्याआधी सेटिंग्जमध्ये जाऊन फॅक्टरी रीसेट करा, आणि गाडी मोबाइल अ‍ॅपला जोडलेली असेल तर तिथूनही ती काढून टाका.