मायलेज हवंय? आधी ब्रेक बघून घ्या

“गाडी ॲव्हरेज देत नाही, जरा बघा ना” हे गॅरेजात रोज ऐकायला मिळतं, आणि बहुतेकांना वाटतं दोष इंजिनातच असणार, मग प्लग बदला, इंजेक्टर साफ करा, पेट्रोलात ओतायची ती बाटली मिळते ती ओता. यंदा आम्ही आमच्याकडची एक जुनी अल्टो मायलेजच्या स्पर्धेत उतरवली. तिची तयारी करताना आणि ती चालवताना जे कळलं ते तुमच्या रोजच्या गाडीलाही लागू पडतं, म्हणून हे पत्रक काढलंय.

स्पर्धेत मायलेज मोजतात ते अगदी साधं. टाकी फुल करायची, झाकणाला सील लावायचं, ठरलेला रूट ठरलेल्या वेळेत संपवायचा, त्याच पंपावर परत फुल करायची आणि किलोमीटरला लिटरने भागायचं. वेळेची अट असते त्यामुळे रांगत रांगत जाऊन चालत नाही. तुम्हीही असंच मोजा, डॅशबोर्डवरच्या आकड्यावर जाऊ नका. पंप तोच, नोझलही शक्यतो तेच, सकाळची वेळ, आणि नोझल कट झालं की थांबायचं, बिल राउंड करायला वरून आणखी घालू नका. फुल करण्यात अर्धा लिटर इकडे तिकडे होतोच, पाच लिटरवर हिशेब केलात तर ती १० टक्क्यांची चूक झाली, २५ लिटरवर केलात तर फक्त २ टक्के. म्हणून टाकी बरीच रिकामी होऊ द्या, मग मोजा. आणि एआरएआयचा (गाड्यांची चाचणी करणारी संस्था) जो आकडा जाहिरातीत असतो तो लॅबमध्ये रोलरवर गाडी चालवून काढलेला असतो, तिथे पर्वरीचा ट्रॅफिक नाही, फर्मागुडीचा चढ नाही, तेव्हा तुमची गाडी त्याच्या खाली आली म्हणून लगेच घाबरू नका.

आता मुख्य गोष्ट. स्पर्धेच्या गाडीवर आमचा सगळ्यात जास्त वेळ इंजिनावर गेला नाही, चाकांवर गेला. गाडी जॅकवर घ्यायची, न्यूट्रल करायची आणि चाकं हाताने फिरवून बघायची. चांगलं चाक एक ढकल दिली की आरामात फिरतं, ब्रेकचा पॅड हलकेच घासल्याचा बारीक आवाज येतो तेवढाच. आमच्या गाडीचं पुढचं डावं चाक अर्ध्या फेरीतच थांबत होतं. उघडलं तर कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) गाईड पिना, म्हणजे तो ज्यांवर सरकतो त्या, गंजून सुकलेल्या, त्यांच्यावरचे रबरी बूट फाटून आत पाणी गेलेलं, त्यामुळे पेडल सोडलं तरी पॅड चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला धरूनच बसत होता. म्हणजे गाडी सगळा वेळ थोडा ब्रेक लावूनच पळत होती. पिना साफ केल्या, ब्रेकचं खास ग्रीस लावलं, बूट नवीन घातले, चाक मोकळं फिरायला लागलं. साधं ग्रीस इथे चालत नाही, त्याने रबर फुगतं.

हा आपल्या गोव्याचाच आजार आहे असं आमचं मत झालंय. चार महिने पाऊस, वर्षभर दमट आणि खारी हवा, आणि किनाऱ्याजवळच्या गाड्यांचं तर विचारूच नका. मागच्या ड्रम ब्रेकला हँडब्रेकची केबल अडकते, पावसाळ्यात हँडब्रेक ओढून गाडी आठवडाभर उभी ठेवली की आतले शू (ब्रेकचे पट्टे) ड्रमला चिकटून बसतात. सपाट जागा असेल तर गाडी गिअरमध्ये टाका, चाकाला दगड लावा आणि हँडब्रेक सोडून ठेवा. घरच्या घरी बघायचं असेल तर अर्धा तास गाडी चालवून आल्यावर चारही रिमजवळ हात न्या, टेकवू नका, चटका बसेल. पुढची दोन आणि मागची दोन आपापसात साधारण सारखी तापायला हवीत, जोडीतलं एक जास्त तापलं किंवा जळका वास आला तर ते चाक धरतंय. हा मायलेजपेक्षा सेफ्टीचा प्रश्न आहे, असं दिसलं तर दुरुस्ती लांबवू नका.

दुसरा ब्रेक म्हणजे तुमचा पाय. पेट्रोल जाळून गाडीला जो वेग दिला तो ब्रेक दाबला की डिस्कवर उष्णता होऊन जातो, परत मिळत नाही. स्पर्धेत गाडी चालवणाऱ्या आमच्या पोराने केलं ते एवढंच की लांब बघून चालवली, पुढे सिग्नल लाल दिसला, सर्कल आलं की आधीच पाय काढायचा आणि गाडी गिअरमध्येच जाऊ द्यायची. इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला की पेट्रोल जवळपास बंदच होतं, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केलीत तर इंजिन चालू ठेवायला उलट पेट्रोल लागतं. म्हणून अनमोड किंवा चोर्ला घाट उतरताना न्यूट्रल करणारे काही वाचवत नाहीत, वर सगळा भार ब्रेकवर येतो आणि ते तापून निकामी होतात. चावी बंद करून उतरणं तर कधीच नको, दोनतीनदा दाबल्यावर ब्रेकचा बूस्टर, म्हणजे पेडल हलकं करणारी मदत, संपतो आणि पेडल दगडासारखं होतं.

बाकीचं थोडक्यात. टायरची हवा गाडी थंड असताना, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर आहे तेवढीच भरा. स्पर्धेत काहीजण जास्त भरतात, आपल्या पावसात ओल्या रस्त्यावर ते धोक्याचं आहे. हायवेला ८० वरून १०० वर गेलात की हवेचा अडथळा दीडपटीहून जास्त होतो. चवथीला गावाहून आणलेलं सामान, नारळाची पोती डिकीत तशीच फिरत असतील तर उतरवा. आणि ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) बद्दल विचारतात त्यांना, इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडं उतरणार, तो तुमच्या गाडीचा दोष नाही.

चाकं तपासायला येताना गाडी जरा फिरवूनच आणा, धुवून लगेच आणू नका, गरम असतानाच कुठलं चाक धरतंय ते कळतं. नुसतं चाक फिरवून बघायचे पैसे आम्ही घेत नाही, पिना किंवा बूट बदलायचे असतील तर आधी दाखवतो आणि मगच काम करतो. दुपारी एक ते तीन बंद असतं, सकाळी आलात तर बरं.