भांड्यावर नाव घालायला देण्याआधी

'भांड्यांवर नावे घालून मिळतील' ही पाटी नाशिकच्या भांडी बाजारात जागोजागी दिसते. बहुतेक ठिकाणी हे काम विजेच्या मशीनवर होते. पेनासारखे ते यंत्र हातात घरघरते आणि भांड्यावर बारीक ठिपक्यांची रेघ उमटत जाते. आमच्याकडेही ते आहे. मग हाताने कोरायचे पैसे जास्त का, आणि तुम्हाला ते खरेच हवे आहे का, हे लग्नसराईच्या गर्दीत काउंटरवर समजावून सांगणे होत नाही. म्हणून हा कागद.

आधी आमच्याच धंद्याविरुद्ध बोलतो. स्टीलच्या रोजच्या वाट्या-पेल्यांवर हाताने कोरून घेऊ नका. स्टील टणक, त्यात हत्याराच्या दाबाखाली ते आणखी टणक होत जाते आणि कलमाचे टोक मोडते. शेजारी गेलेली वाटी परत यावी एवढाच हेतू असेल तर मशीनचे काम पुरे. दहा मिनिटे थांबा आणि घेऊन जा.

हाताचे काम शोभते ते पितळ, तांबे, चांदी आणि सोन्यावर. मशीनची सुई धातूला टोचे मारते. कलम धातू कापून बाहेर काढते. कलम म्हणजे लाकडी मुठीत बसवलेली बोटभर पोलादी सळई, टोकाला तिरकी घासलेली. मूठ तळहातात बसते, जोर तळहाताचा, आणि अंगठा पुढे टेकवून लगाम धरायचा. टोक धातूत शिरले की पुढे केसासारखी तार गुंडाळत निघते. धार लागली की नाही हे आम्ही नखावर बघतो: टोक नखावर ठेवले आणि घसरले तर पुन्हा दगडावर घासायचे, रुतले तर कामाला बसायचे.

दुकानात आलात तर एक गोष्ट बघून जा. वळणाचे अक्षर कोरताना कारागिराचा हात जवळजवळ हलत नाही, भांडे फिरते. वाळू भरलेल्या कातडी उशीवर तांब्या ठेवलेला असतो आणि डावा हात तो हळूहळू कलमाकडे वळवत राहतो. 'क'चा गोल काढताना तर तांब्या बराच फिरून येतो. रेघ जाड हवी तिथे कलम जरा कलते करायचे. त्या कलत्या कापामुळेच हाताने कोरलेले अक्षर उजेडात धरले की लकाकते. पितळ कलमाला चांगली साथ देते. तांबे चिवट, ते टोकाला चिकटते म्हणून मधूनमधून तेलाचा थेंब लागतो.

ओळखायचे कसे, असे बरेच जण विचारतात. नावात 'अ' दोनदा आला असेल तर दोन्ही शेजारी ठेवून बघा. लेझरचे दोन 'अ' तंतोतंत एक असतात, हाताचे भावंडांसारखे. मशीनची रेघ भिंगाखाली ठिपक्यांची दिसते. हाताची रेघ अखंड असते, सुरुवातीला टोकदार आणि मध्ये भरलेली.

आता अक्षरांचे. कॉम्प्युटरवर काढलेल्या नावात बऱ्याच फॉन्टचा 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचा येतो. आपला 'ल' पाकळीचा, 'श' देठाचा. राज्य शासनाच्या २००९ सालच्या निर्णयातही हीच वळणे आहेत. 'लीलाताई' किंवा 'शशिकला' असे नाव असेल तर फरक लगेच डोळ्यात भरतो. आम्ही आधी भांड्यावर ओला खडू फासतो, त्यावर सुईने शिरोरेषा आखतो, अक्षरे मांडतो आणि तुम्हाला दाखवतो. तुम्ही हो म्हटल्याशिवाय कलम लागत नाही. कोरलेले खोडता येत नाही. फार तर आजूबाजूचा धातू घासून खळगा उथळ करता येतो, पण तिथे डाग राहतोच.

नाव फोनवर सांगू नका, स्वतःच्या हाताने कागदावर लिहून द्या. मागे एका बाईंनी लेकीच्या लग्नातल्या चांदीच्या ताटासाठी 'शितल' असे लिहून दिले होते. आम्ही शहाणपणा करून 'शीतल' कोरले. व्याकरण आमच्या बाजूने होते, पण मुलीच्या दाखल्यापासून पत्रिकेपर्यंत सगळीकडे पहिली वेलांटी होती. ताट आम्हाला ठेवून घ्यावे लागले. तेव्हापासून तुम्ही लिहाल ती वेलांटी.

मजकुराला जागा कमी असते. 'यांजकडून सप्रेम भेट' हे शब्द आता आपोआप लिहिले जातात, पण कुणी दिले आणि कुणाला दिले हे कोरून ठेवायची खोड आपल्याकडे जुनी आहे. पांडवलेण्यांतल्या तिसऱ्या लेण्यात सातवाहन राजा पुळुमावीच्या राज्याच्या १९ व्या वर्षाचा लेख आहे. त्याची आजी गौतमी बलश्री हिने लेणे भिक्षुसंघाला दिले, हे त्यात ब्राह्मी लिपीत, दगडात खोदलेले आहे. दाता, नाते, साल, काय दिले: ताटाखाली लिहितो तोच मसुदा, फक्त मोठा. आमचे मत विचाराल तर नाव आणि साल एवढेच घाला. 'चि. सौ. कां.' काही दिवसांत जुने होते.

शिक्क्याची अंगठी करायची असेल तर अक्षरे उलटी कोरावी लागतात. हे कसबही आपल्याकडचे आहे. मिरजेत १८०५ साली भगवद्गीता छापली गेली ती अशीच, तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरे उलटी कोरून. आमचा कारागीर चार अक्षरे उलटी कोरून आरसा मागतो, त्यांनी अख्खी गीता कोरली.

काही कामे आम्ही परत पाठवतो. मुलामा दिलेल्या वस्तूवर कोरले की खालचे तांबे उघडे पडते. आत राळ भरलेल्या पातळ चांदीच्या मूर्तीवर कलम आरपार जाऊ शकते. दागिन्यावर हॉलमार्कची खूण आणि सहा अक्षर-अंकांचा क्रमांक असतो, त्याला आम्ही धक्का लावत नाही, जागा नसेल तर नाही म्हणतो. अंगठीच्या आत नाव हवे असेल तर आधी माप नक्की करून या. नंतर अंगठी कापून लहान-मोठी केली की सांध्यावरचे अक्षर जाते. सोन्याचा निघालेला कीस पुडीत बांधून परत देतो, कितीही थोडा असला तरी.

दर अक्षरावर आहे. जोडाक्षर एकच धरतो, काना-मात्रा-वेलांटीचे पैसे नाहीत. दहा-बारा अक्षरांना तास-दीड तास लागतो, त्यामुळे 'संध्याकाळी मुहूर्त आहे' म्हणून दुपारी येऊ नका. काम नेल्यावर चिंच-मिठाने घासा, राखेने घासा, अक्षर टिकते. भांडे मोटरच्या बफवर वारंवार चकचकीत करून घेतलेत तर मात्र कडा झिजतात. तांब्याला कल्हई आतून होते, त्याने बाहेरच्या नावाला काही होत नाही.

२०१६ च्या ऑगस्टमध्ये गोदेचे पाणी बाजारात शिरले तेव्हा आमच्या ऑर्डरच्या चिठ्ठ्यांचा लगदा झाला. कोरून झालेली भांडी नावे वाचून घरोघर पोचवली. कोरायची राहिलेली कुणाची हे ठरवायला मात्र दोन आठवडे गेले, आणि एका घागरीवर तर दोन घरांनी हक्क सांगितला. म्हणून हल्ली चिठ्ठीची एक प्रत तुम्हाला देतो. काम न्यायला येताना ती घेऊन या.