नकार आणि अबोला

मावसभावानं दुसऱ्यांदा ‘कर्जाला जामीन राहशील का’ म्हणून विचारलं, तेव्हा मी त्याला ‘नाही’ म्हटलं नाही. नुसता फोन उचलायचा बंद केला. चर्चमध्ये आमचं घर वर्षानुवर्षं डावीकडच्या तिसऱ्या बाकावर बसायचं. त्या रविवारपासून आम्ही उजवीकडं खांबाआड बसू लागलो. बायकोला म्हटलं, “आता कुठं थांबायचं ते मला कळायला लागलंय.” ती म्हणाली, “कळलंय कुठं? लपलाय नुसतं.”

तिचं बरोबर होतं. नकार आणि अबोला लांबून सारखेच दिसतात, कारण दोन्हीत माणूस मागं सरकतो. पण नकार दिला की समोरच्याला कळतं, काय मिळणार नाही आणि काय अजून शिल्लक आहे. अबोल्यात त्याला यातलं काहीच कळत नाही. तो अंदाज बांधत बसतो आणि आपण त्याच्या अंदाजांवर रागावत बसतो.

गंमत म्हणजे बेळगावकराला नकार देता येत नाही असं नाही. गणपत गल्लीत भाव पटला नाही की अस्सल मराठी माणूससुद्धा कन्नडमध्ये ‘ब्याड्री’ म्हणून मोकळा होतो. ‘नको हो’ म्हटल्यावर भाजीवाली रुसत नाही, आपणही उद्या तिच्याकडंच जातो. घरात आणि चर्चच्या मंडळीत मात्र तोच शब्द घशात अडकतो. लंडन मिशनरी सोसायटीची माणसं इथं १८२० साली आली. जुनी ख्रिस्ती घरं तेव्हापासून सोयरिकींनी एकमेकांत इतकी गुंतलीत, की एकाला नाही म्हटलं तर रविवारी दहा जणांची तोंडं बघावी लागतात.

जामिनाचंच घ्या. पहिल्या वेळी मी पतसंस्थेच्या अर्जावर न वाचता सही केली होती. भावाचे तीन हप्ते थकले आणि नोटीस माझ्या दारात आली. तिथल्या साहेबांनी शांतपणे सांगितलं, “कर्जदार नसेल तर तुम्ही.” ते कायद्याला धरूनच होतं. १८७२ च्या करार कायद्याचं कलम १२८ म्हणतं, की करारात वेगळं काही ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच. म्हणजे ती सही नुसती शिफारस नव्हती, ते माझंच कर्ज होतं.

बायबलातल्या नीतिसूत्रांच्या सहाव्या अध्यायात नेमकं हेच प्रकरण आहे. शेजाऱ्याला जामीन राहून शब्दात अडकला असशील, तर पारध्याच्या हातून हरिण सुटतं तसा सुटून ये, असं तिथं सांगितलंय. मी ते ‘सुट’ तेवढं धरून बसलो होतो. पण सुटायचं कसं? तिथं सांगितलंय, जा, नम्र हो, शेजाऱ्याची विनवणी कर. म्हणजे त्याच्याकडंच जायचं, आणि डोळ्याला झोप लागू न देता जायचं. मी आठ महिने निवांत झोपलो होतो.

येशूचे नकारही असेच तोंडावर दिलेले आहेत. लूकच्या बाराव्या अध्यायात गर्दीतला एक जण म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला वतनाची वाटणी करायला सांगा. आमच्याकडं असा माणूस प्रत्येक पाळकाच्या दारात महिन्यातून एकदा तरी उभा असतो. येशू विचारतो, मला तुमच्यावर वाटणी करणारा कोणी नेमलं? काम नाकारलं, पण पाठ फिरवली नाही. लगेच तिथल्या सगळ्यांना लोभी श्रीमंताचा दाखला सांगितला. मार्कच्या पहिल्या अध्यायात सगळे त्याला शोधतायत असा निरोप येतो, तेव्हाही तो उघड सांगतो: आपण दुसऱ्या गावांना जाऊ, मी त्यासाठीच आलोय.

यावर आमच्यातले जाणते बायबलातलं प्रेषित पौलाचं ‘गलतीकरांस पत्र’ उघडतात: ‘एकमेकांची ओझी वाहा.’ कबूल. पण सहाव्या अध्यायाच्या दुसऱ्या वचनावर न थांबता पाचव्यापर्यंत जावं. तिथं पौल म्हणतो, प्रत्येकानं आपलाच भार वाहावा. मराठीत भार काय नि ओझं काय, एकच वाटतं. मूळ ग्रीकमध्ये शब्द दोन आहेत. पहिला ‘बारोस’, म्हणजे दडपून टाकणारं वजन. दुसरा ‘फोर्टिऑन’, म्हणजे ज्यानं त्यानं न्यायचा बोजा. जहाजातल्या मालालाही बायबलातल्या ‘प्रेषितांची कृत्यं’ या पुस्तकात हाच शब्द आहे. भावाचा पोरगा दवाखान्यात होता तेव्हा रात्रभर बसणं माझ्याकडं होतं. त्याच्या नव्या गाडीचा हप्ता नव्हता. दर वेळी इतकं स्वच्छ दिसत नाही, हेही खरं. पावसानं पीक गेलेल्याचा हप्ता कुठल्या शब्दात बसवायचा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आणि मारहाण होत असलेल्या बाईला ‘जाऊन बोल’ सांगणाऱ्यांना माझा हात जोडून नमस्कार. तिनं दार लावून घेतलं तर तो अबोला नव्हे. दाविदानं आपल्या जिवावर उठलेल्या शौल राजाचा जीव दोनदा वाचवला. दुसऱ्या वेळी शौल म्हणाला, परत ये बाळा, आता तुझं वाईट करणार नाही. दाविदानं त्याचा भाला न्यायला तेवढा एक माणूस बोलावला आणि आपली वाट धरली.

बाकी आपल्या रोजच्या भांडणांत एवढं काही नसतं. खानापूरकडं बांध कोरतात तसं चालतं: दर पेरणीला नांगराचं एक तास पलीकडं. शेजारी पहिल्या वर्षी बोलत नाही, दुसऱ्या वर्षी बोलत नाही, आणि पाचव्या वर्षी एकदम कोर्टात उभा राहतो. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात क्रम दिलाय: आधी दोघंच, मग साक्षीदार, मग मंडळी. आम्ही तो उलटा वाचतो. मंडळीला आधी कळतं, तेही प्रार्थनेची विनंती म्हणून.

आठ महिन्यांनी मी भावाच्या घरी गेलो. म्हटलं, “सही करणार नाही, या वेळी नाही आणि पुढंही नाही. फोन उचलला नाही, ते मात्र माझं चुकलं.” तो बराच वेळ टीव्हीकडं बघत राहिला. वहिनी चहा टाकायला उठली, त्यानं तिला बस म्हणून खुणावलं. मी उठून आलो.

पुढच्या रविवारी आम्ही डावीकडच्या तिसऱ्या बाकावर बसलो. तो आला नव्हता. त्याच्या पुढच्या रविवारी उपासना सुरू झाल्यावर आला आणि बाकाच्या पार दुसऱ्या टोकाला टेकला. गीताचं पुस्तक एकच होतं, ते मी मधे ठेवलं.